भाडेखत

कौन्सिलच्या कागदावर माझं आडनाव
परचुरेचं परचर झालं होतं.
बाकी सगळं बरोबर: प्लॉट सतरा ब, हडर्सफील्ड,
अठरा पावलं लांब, नऊ रुंद, उतारावर.
घरी येऊन म्हटलं, हे आपलं भाडेखत.
विशाखा म्हणाली, आता शेणखत आण.
गहाणखत, खरेदीखत, शेणखत:
एका शब्दाची किती बिऱ्हाडं,
कुठे सही लागते, कुठे फावडं.

माती ओली असली की साबण, वाळली की कौल.
कुदळ आत जायची
आणि परत यायचं नाव घ्यायची नाही.
पहिल्या वर्षीची गाजरं दोन पायांची निघाली,
मांडी घालून बसलेली.

खालच्या प्लॉटवर इनिड सग्डन, वय ब्याऐंशी.
तिच्या तीन लाकडी पेट्या:
एक भरायची, एक विसरायची, एक वापरायची.
तिनं मूठभर कंपोस्ट माझ्या नाकाशी धरलं.
बुरशी, ओलं लाकूड, कुठेतरी चहा.
"याने पोट भरत नाही फार," ती म्हणाली,
"पण माती मोकळी होते."
त्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर तिच्या पेटीत:
मेथीचे देठ, डाळिंबाची सालं, चोथा,
आणि एक आंब्याची कोय,
जी यॉर्कशरच्या गांडुळांनी हुंगली
आणि सोडून दिली.

वरच्या प्लॉटवर मेल्विन हेग.
"कंपोस्ट म्हणजे चहा-बिस्किट. जेवण घाल तिला, जेवण."
त्याचे दोन घोडे होते, एक ट्रेलर होता,
आणि ऑक्टोबरच्या एका सकाळी
माझ्या फाटकाशी लिदीचा ढीग होता, वाफाळता.
फुकट.
"कच्ची घालू नकोस, मुळं जळतील. मुरू दे."
मुरणं मला लोणच्यापुरतं ठाऊक होतं.
जुन्या गालिच्याखाली ढीग झाकला.
सहा महिने मुरवला.

एप्रिलमध्ये इनिडनं विचारलं, "वाटाण्याला विचारलंस?"
मला वाटलं, वय झालं.
पण तिनं सहा कुंड्या मांडायला लावल्या:
तीन लिदीच्या, तीन कंपोस्टच्या,
स्वयंपाकघराच्या खिडकीत, एकवीस दिवस.
कंपोस्टमधले वाटाणे खिडकीच्या कडीला जाऊन लटकले.
लिदीतले उगवले खरे,
पण पानं आत वळलेली,
मुठी आवळलेल्या तान्ह्या पोरासारखी.
वाटाण्याच्या अक्षता म्हणतात त्या याच,
मी मराठीत पुटपुटलो.
विशाखा हसली नाही. अठरा टोपल्या होत्या तिथे.

गवत बाहेरून आणलेलं. त्या रानावर
काटेरी झुडपांसाठी औषध मारलेलं.
घोड्याच्या पोटातून ते जसंच्या तसं निघतं,
त्याला काही होत नाही, घोड्यालाही नाही,
फक्त वाटाण्याला कळतं.
कुंड्या पाहून मेल्विननं टोपी काढली.
"स्वस्त मिळालं होतं," म्हणाला,
आणि जूनपर्यंत फाटकावर दिसला नाही.

निवड म्हणाल तर मी केलीच नाही.
इनिडच्या पेटीतून तीन घमेली आली,
त्यात एक तृतीयांश जमीन झाली.
उरलेल्या भागात मी उभा राहायचो,
हात मागे बांधून, जमीनदारासारखा.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात.
गालिच्याखालच्या ढिगाला तीन पुरली.
दर वसंतात तीन कुंड्या, तेच सोपस्कार:
पहिल्या वर्षी मुठी.
दुसऱ्या वर्षी मुठी, पण सैल.
यंदा पानं सपाट, हिरवी, निर्लज्ज.
मेल्विनला कुंडी नेऊन दाखवली.
त्यानं एकेक पान अंगठ्यानं उलटून पाहिलं,
मग पाठ फिरवून बराच वेळ नाक शिंकरलं.
संध्याकाळी त्याचं फावडं माझ्या कुंपणाला टेकलेलं होतं.

भाडेखताचं नूतनीकरण परवा झालं.
परचरच आहे अजून.
कोयही आहे अजून:
इनिड तिला दर वर्षी वापरायच्या पेटीतून उचलते
आणि पुन्हा भरायच्या पेटीत टाकते,
न रागावता.